काना, मात्रा आणि राजधानी

मराठे काना गमावून बसले, शेवटची मात्रा आधी दिली. बंड इथेच पेटले. (3)

पहिल्या वाचनात डोळ्यांपुढे उभा राहतो हतबल झालेला फौजेचा तळ आणि औषधपाण्यात झालेला घोटाळा. आता ते चित्र बाजूला सारा आणि शब्दांकडे नुसती अक्षरे म्हणून पाहा. 'मराठे' लिहा. त्यातला काना काढा, उरले 'मरठे'. शेवटच्या अक्षरावरची मात्रा उचलून पहिल्या अक्षरावर द्या. झाले 'मेरठ'. 1857 च्या उठावाचा वणवा 10 मे रोजी मेरठच्या छावणीत पेटला, म्हणजे वाक्याचा शेवटचा तुकडाही त्याच गावाकडे बोट दाखवतो. कंसातला आकडा उत्तरातल्या अक्षरांचा.

गूढ शब्दकोड्यातले हे एक शोधसूत्र आहे. कोडी सोडवणारी मंडळी त्याला सरसकट 'क्लू' म्हणतात; या लेखातही तोच शब्द ठेवला आहे. राष्ट्रीय राजधानी क्षेत्र, म्हणजे ज्याला सगळे एनसीआर म्हणतात, तो दिल्लीभोवतीचा सुमारे 55,000 चौरस किलोमीटरचा पट्टा. हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थानातले जिल्हे त्यात येतात. या पट्ट्यातल्या गावांच्या नावांवर मराठीत क्लू कसे रचता येतील, हा या लेखाचा विषय. पण गावे हे निमित्त. मला सांगायचे आहे ते क्लूच्या सचोटीबद्दल. चांगला क्लू वाचकाला चकवतो, पण फसवत नाही. आणि चकवणे कुठे संपते व फसवणूक कुठे सुरू होते, याचा काटेकोर विचार आपल्याकडे काव्यशास्त्राने केला आहे आणि दिल्लीच्या न्यायासनानेही.

दोन वाटा, एक गाव

रोजच्या वर्तमानपत्रातल्या मराठी शब्दकोड्यात मेरठसाठी 'उत्तर प्रदेशातील एक शहर' असे छापलेले असते. तीन घरे. बरेली बसते, मथुरा बसते, मेरठही बसते. कुठले बरोबर, हे आडव्याउभ्या शब्दांची एखादी गाठ जुळेपर्यंत कळत नाही. क्लू एकटा काहीच सिद्ध करू शकत नाही.

गूढ क्लूमध्ये उत्तराकडे जाणाऱ्या दोन वाटा असतात. एक वाट अर्थाची. तिला आपण व्याख्या म्हणू. ती वाक्याच्या सुरुवातीला किंवा शेवटी असते, मध्ये कधीच नसते. दुसरी वाट अक्षरांची: तोडणे, जोडणे, उलटवणे, लपवणे, एखादे अक्षर गाळणे. दोन्ही वाटा एकाच गावात पोहोचल्या की सोडवणाऱ्याला खात्री पटते, आणि ती खात्री पटवायला दुसऱ्या दिवशीच्या अंकातले उत्तर लागत नाही. कोडे रचणाऱ्याने एवढेच करायचे, की या दोन वाटा एका सलग, बोलक्या वाक्याखाली अशा झाकायच्या की जोड कुठे आहे ते पटकन दिसू नये.

आधुनिक शब्दकोड्याचा जन्म 21 डिसेंबर 1913 चा. त्या दिवशी आर्थर विन यांचे पहिले कोडे 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये छापले गेले. ते साधे, व्याख्यांचे कोडे होते. त्याला गूढ वळण मिळाले इंग्लंडमध्ये. 1926 पासून 'ऑब्झर्व्हर'मध्ये एडवर्ड पॉइस मेथर्स 'टॉर्केमाडा' या नावाने कोडी घालू लागले; स्पेनमधल्या धर्मन्यायाधीशाचे हे नाव, कारण ते वाचकांचा छळ करीत. त्यांच्यानंतर 1939 मध्ये डी. एस. मॅकनट आले. त्यांनीही एका धर्मन्यायाधीशाचेच नाव घेतले, 'झिमेनेस'. पण छळाला त्यांनी नियम घातले. 1966 च्या पुस्तकात त्यांनी ते नियम सविस्तर मांडले: व्याख्या नेमकी हवी, अक्षरांचा खेळ व्याकरणाने खरा हवा, आणि या दोहोंखेरीज एकही फालतू शब्द नको. त्यांच्या आधी 'आफ्रिट' या नावाने लिहिणाऱ्या ए. एफ. रिची यांनी याचे मर्म सांगून ठेवले होते. रचणाऱ्याच्या मनातला अर्थ वरवर दिसतो त्याहून वेगळा असू शकतो, पण त्याने वापरलेल्या शब्दांतून तो अर्थ शब्दशः निघालाच पाहिजे.

दंडीची नगरी

हे नियम विलायतेत विसाव्या शतकात लिहिले गेले. पण स्थलनामावर रचलेला अस्सल गूढ क्लू आपल्याकडे त्याच्या बाराशे वर्षे आधीचा आहे.

संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीच्या 'काव्यादर्शा'च्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकांची, म्हणजे कोड्यांची, चर्चा आहे. दंडी आधी त्यांचा उपयोग सांगतो: जाणकारांच्या बैठकीतला विनोद, गर्दीत आपसात गुप्त बोलणे, आणि समोरच्याला गोंधळात पाडणे. मग तो प्रहेलिकांचे सोळा प्रकार मोजतो. त्यापुढची नोंद मला सगळ्यांत मोलाची वाटते: पूर्वाचार्यांनी आणखी चौदा दुष्ट प्रहेलिकाही सांगितल्या आहेत, असे तो म्हणतो. म्हणजे कोडे अवघड असणे वेगळे आणि सदोष असणे वेगळे, हा विवेक तेव्हाच झालेला होता.

सोळा प्रकारांपैकी 'संख्याता' या प्रकाराच्या उदाहरणात एक नगरी येते. तिच्या मध्यभागी नासिक्य आहे, ती चहूकडून चार वर्णांनी शोभते आणि तिथल्या राजांचे नाव आठ वर्णांचे आहे. ऐकणाऱ्याला वाटते, चातुर्वर्ण्याने नटलेल्या एखाद्या समृद्ध नगरीचे हे वर्णन आहे. पण इथे वर्ण म्हणजे ध्वनी. मधला नासिक्य वर्ण ञ्. त्याच्या भोवती क्, आ, च्, ई हे चार. नगरी काञ्ची. आणि तिथले राजे 'पल्लवाः': प्, अ, ल्, ल्, अ, व्, आ आणि विसर्ग मिळून आठ.

आफ्रिट आणि झिमेनेस यांच्या कसोटीला ही प्रहेलिका लावून पाहा. 'नगरी' ही व्याख्या आहे. वर्णांची मोजणी हा अक्षरांचा खेळ आहे. 'वर्ण' या शब्दाचा श्लेष वरचे चित्र आणि आतली रचना एकाच वेळी सांभाळतो. राजांच्या नावाने उत्तराचा ताळाही घेता येतो. फालतू शब्द एकही नाही. कोडे रचणाऱ्याने आदर्श म्हणून भिंतीवर लावावे असे हे उदाहरण आहे.

दिल्लीचे आणि पानिपतचे कूट

दिल्लीचीही स्वतःची परंपरा आहे. निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्याच्या आवारात अमीर खुसरोची कबर आहे. जन्म 1253 चा, मृत्यू 1325 चा. हिंदवीतल्या कितीतरी पहेल्या त्याच्या नावावर सांगितल्या जातात, आणि जाणकार त्यांचे दोन वर्ग करतात. 'बिन-बूझ' पहेलीत उत्तर बाहेरून शोधावे लागते. 'बूझ' पहेलीत उत्तराचा शब्द त्याच ओळींत दडलेला असतो. ऐकणारा अर्थामागे धावतो आणि उत्तर त्याच्या कानावरून निघून जाते. गूढ कोड्यातला 'लपलेला शब्द' हा प्रकार नेमका हाच. तो मराठीत असा उतरवता येतो:

आरोह तकलादू, पण पोटात हरियाणाचे शहर. (4)

पहिल्या दोन शब्दांच्या पोटात पाहा. 'आ' सोडा, 'लादू' सोडा. मधे सलग 'रोहतक' उभे आहे.

आपल्या इतिहासातले सर्वांत प्रसिद्ध कूटही याच पट्ट्यातून निघाले. पानिपत आज एनसीआरमधला जिल्हा आहे. 14 जानेवारी 1761 च्या संहारानंतर उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती एक सावकारी पत्र पडले. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि चांदी-तांब्याच्या खुर्द्याचा तर हिशेबच नाही, असा त्याचा आशय. वरवर पेढीचा तोटा. पेशव्यांना त्याचा अर्थ लावून सांगायची गरज पडली नाही. विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ हे दोन मोती. मोहरा म्हणजे मातब्बर सरदार. खुर्दा म्हणजे हजारो सामान्य माणसे. कूट लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला एकच संदर्भ ठाऊक असला तर केवढी मोठी गोष्ट किती थोड्या शब्दांत पोहोचते, याचे याहून हृदयद्रावक उदाहरण मला माहीत नाही.

त्या गावाच्या नावावर क्लू रचताना हा भार मनात ठेवावाच लागतो. मराठीत 'पानिपत होणे' हा वाक्प्रचार आहे, म्हणजे व्याख्या आयती मिळते:

पानाच्या टोकाला वेलांटी, पुढे अब्रू, तरीही दारुण पराभव. (4)

'पान'च्या शेवटच्या अक्षराला वेलांटी दिली की 'पानि'. अब्रू म्हणजे 'पत'. उरलेले दोन शब्द म्हणजे व्याख्या.

युद्धात सापडलेली गावे

स्थलनामांचे क्लू किती स्फोटक ठरू शकतात, हे लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'ने अनुभवले. 17 ऑगस्ट 1942 च्या कोड्यात एका फ्रेंच बंदराचा क्लू होता. उत्तर होते दिएप. दोनच दिवसांनी, 19 ऑगस्टला, दोस्तांनी दिएपवर हल्ला केला. चौकशी झाली, योगायोग ठरला. मग 1944 च्या मे महिन्यात, नॉर्मंडीवरच्या चढाईच्या तोंडावर, त्याच वर्तमानपत्रात 2 तारखेला 'यूटा' आणि 22 तारखेला 'ओमाहा' ही उत्तरे आली. ही दोन अमेरिकी ठिकाणांची नावे नॉर्मंडीच्या दोन किनाऱ्यांची सांकेतिक नावे होती. पाठोपाठ 'ओव्हरलॉर्ड', 'मलबेरी', 'नेपच्यून' हेही शब्द छापून आले. कोडी रचणारे शाळामास्तर लिओनार्ड डॉ यांच्याकडे गुप्तहेर खात्याची माणसे पोहोचली. हेरगिरी सिद्ध झाली नाही. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने 1984 मध्ये सांगितले, की मास्तर मुलांकडून शब्द भरून घेत आणि मुलांनी ते जवळच्या छावणीतल्या सैनिकांच्या तोंडून ऐकले होते.

भारतातल्या इंग्रजी गूढ कोड्याच्या मुळाशीही एक सेनानी आहे. स्वतंत्र भारताच्या नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख रामदास कटारी यांनी एप्रिल 1958 मध्ये दिल्लीत सूत्रे घेतली. निवृत्तीनंतर, 1971 पासून, ते 'द हिंदू'साठी गूढ शब्दकोडी रचू लागले आणि 1983 मध्ये निधन होईपर्यंत रचत राहिले. भारतीय वाचकाला भारतीय गावे, नद्या, पदार्थ कोड्यात भेटू लागले ते अशा रचनाकारांमुळे.

इंग्रजीला एनसीआरची नावे सोपी जातात, कारण तिथे एका घरात एक सुटे अक्षर असते. 'मॉडेल हायस्कूल' हे शब्द इंग्रजीत लिहिले तर 'मॉडेल'ची शेवटची तीन आणि 'हाय'ची पहिली दोन अक्षरे मिळून सलग 'डेल्ही' होते. 'ट्रू मी'ची अक्षरे पिसली की मेरठ, 'नो एड'ची पिसली की नोएडा. मराठीत अक्षरे पिसण्याचा हा मार्ग जवळजवळ बंद आहे. 'दिल्ली' दोन अक्षरांची. ती पिसून काय मिळणार? शिवाय चौकटीत 'ल्ली' ज्या घरात बसेल, तिथून जाणाऱ्या उभ्या शब्दातही 'ल्ली'च हवी: गल्ली, किल्ली, खिल्ली, वल्ली. पर्याय चटकन संपतात. त्यामुळे गूढ कोडे हा इंग्रजीचाच प्रांत, असा समज रूढ झाला आहे. तो चूक आहे, आणि का चूक आहे ते पुढे दाखवतो. त्याआधी एका खटल्याकडे वळले पाहिजे.

न्यायासनापुढे शब्दकोडे

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात बक्षिसांची शब्दकोडी देशभर पसरली होती. प्रवेश फी भरायची, कूपन पाठवायचे आणि निकालाची वाट पाहायची. यातले एक मोठे नाव आर. एम. डी. चमारबागवाला. त्यांची स्पर्धा बंगळूरहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' साप्ताहिकातून चाले, आणि मुंबई राज्यात तिचे वाचक भरपूर होते. मुंबई सरकारचा अशा स्पर्धांवर नियंत्रण आणि कर बसवणारा 1948 चा कायदा होता; 1952 मध्ये तो राज्याबाहेर छापल्या जाणाऱ्या पत्रांनाही लागू करण्यात आला. पुढे संसदेने 1955 मध्ये बक्षीस स्पर्धांचा केंद्रीय कायदा केला. महिन्याला एकूण 1,000 रुपयांहून जास्त बक्षीस नाही आणि प्रवेशिका 2,000 हून जास्त नाहीत, अशा मर्यादा त्याने घातल्या. त्याच्या व्याख्येत शब्दकोड्याचे नाव थेट घेतलेले आहे.

दोन्ही कायद्यांची प्रकरणे सर्वोच्च न्यायालयात आली. तेव्हा न्यायालयाची टिळक मार्गावरची इमारत वापरात यायची होती. कामकाज संसद भवनातल्या नरेंद्र मंडळाच्या दालनात चाले. सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांच्या पाच जणांच्या पीठात साताऱ्याचे प्र. बा. गजेंद्रगडकर होते. ते 1957 मध्येच या न्यायालयात आले होते आणि पुढे सरन्यायाधीश झाले. 9 एप्रिल 1957 रोजी निकाल लागला. जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे, म्हणून अशा स्पर्धांवरचे निर्बंध वैध ठरले. त्याच वेळी न्यायालयाने असेही स्पष्ट केले, की ज्या स्पर्धेत यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असते, तिला केंद्रीय कायद्याचे हे निर्बंध लागू होत नाहीत. कौशल्य आणि नशीब यांच्यातली ही रेषा नंतरच्या कित्येक खटल्यांत, रमीपासून ऑनलाइन खेळांपर्यंत, आधार म्हणून घेतली गेली.

कायद्याची बाजू वकील माझ्याहून नीट सांगतील. कोडे रचणाऱ्याने या प्रकरणातून काय घ्यायचे ते मी सांगतो. त्या काळच्या बक्षीस कोड्यांत एका क्लूला दोन-तीन शब्द सारखेच चपखल बसत. त्यातला 'बरोबर' कोणता, हे संयोजकाने आधी ठरवून ठेवलेले असे. तुम्ही कितीही विद्वान असा, संयोजकाच्या कागदावरचा शब्द तुम्हाला तर्काने सापडणार नाही; तो फक्त लागेल किंवा हुकेल. अशा क्लूमध्ये उत्तराची मालकी रचणाऱ्याकडे राहते. गूढ क्लूमध्ये ती वाचकाकडे जाते, कारण उत्तराचा पुरावा वाक्यातच असतो. त्या दालनात कौशल्य आणि नशीब यांच्यात जी रेषा आखली गेली, तीच दुष्ट प्रहेलिका आणि शुद्ध प्रहेलिका यांच्यातून जाते.

नावे फोडताना

आता मराठीकडे. आपल्या लिपीत एका घरात काना, मात्रा, वेलांटी, उकारासह अख्खे अक्षर बसते. म्हणून अक्षरे पिसण्याचा खेळ कमी पडतो; पण अक्षरावरची चिन्हे सुटी करून हलवता येतात, आणि ही सोय इंग्रजीकडे नाही. वर मेरठ त्यातूनच निघाले. आणखी दोन पाहा.

भवानीला सुरुवातीलाच वेलांटी: मुष्टियोद्ध्यांचे गाव. (3)

'भ'ला वेलांटी दिली की 'भिवानी'. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे विजेंदर सिंग याच भिवानीचे.

अलवार, पण काना नाही: राजस्थानातला जिल्हा. (4)

इथे फक्त काना गळतो आणि कोमलपणाचा शब्द 'अलवर' होतो. हा क्लू नवशिक्यासाठी. पहिल्या पाच मिनिटांत एखादे घर भरले की माणूस पुढच्या क्लूपाशी थांबतो.

जोडनावांना वेगळी शिस्त लागते. गुरुग्राम हे द्रोणाचार्यांचे गाव, अशी आख्यायिका आहे, आणि हरियाणा सरकारने 2016 मध्ये गुडगावचे नाव बदलले ते याच आधारावर. म्हणून 'आचार्यांचे खेडे' असा क्लू दिला तर तो नावाचा अर्थ सांगणे झाले. कोडे कुठेच घातले नाही. नावाचे तुकडे त्यांच्या मूळ अर्थापासून दूर न्यायला हवेत:

ग्रहामागोमाग खेडे, आणि आता काचेचे मनोरे. (4)

गुरु इथे आकाशात गेला. ग्राम जागेवर राहिला, कारण उरलेल्या वाक्याला खेड्याचा आधार हवा आहे. पहाडगंजच्या बाबतीत मराठी आपणहून मदतीला येते, कारण हिंदीतला गंज बाजाराचा आणि आपला गंज लोखंडाचा:

डोंगर, मग लोखंडाचे दुखणे: नवी दिल्ली स्टेशनाचा शेजार. (5)

याच पहाडगंजात दिल्लीतल्या मराठी मुलांची नूतन मराठी शाळा आहे. तिथल्या मुलाला हा क्लू पुण्याच्या मुलाआधी सुटावा, कारण दोन्ही गंज तो रोज ऐकतो. दोन भाषांत वाढणारे मूल गूढ कोड्याला जन्मजात अनुकूल असते.

ओखल्याच्या नावात मराठीचे एक खास अक्षर कामाला येते:

ओळखला, पण प्रमाण हिंदीत मधेच अडखळला: यमुनेकाठी पक्ष्यांचे ठिकाण. (3)

प्रमाण हिंदीत 'ळ' नाही. 'ओळखला'तून तो गेला की ओखला. तिथले पक्षी अभयारण्य दिल्ली आणि उत्तर प्रदेशाच्या सीमेवर आहे. 'प्रमाण' हा शब्द इथे मुद्दाम घातला आहे. हरियाणवी बोलीत 'ळ' ठणठणीत जिवंत आहे, आणि नुसते 'उत्तरेत' म्हटले असते तर क्लू खोटा झाला असता. रोहतकच्या एखाद्या शेतकऱ्याने तो खोडून काढला असता, आणि ते बरोबरच झाले असते.

ओखल्याला लागून नोएडा. 17 एप्रिल 1976 रोजी, आणीबाणीच्या काळात, न्यू ओखला इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट ऑथॉरिटी स्थापन झाली. त्या लांबलचक नावाची इंग्रजी आद्याक्षरे हेच शहराचे नाव झाले. ज्या शहराचे नावच आद्याक्षरांतून आले, त्याचा क्लूही आद्याक्षरांचा असावा, असे मला वाटते:

नोकरी, एकटेपणा, डास: सुरुवातीला एवढेच देते यमुनेपलीकडचे शहर. (3)

महाराष्ट्रातून पहिल्या नोकरीसाठी तिथे जाऊन राहिलेल्या कोणालाही हे वाक्य परके वाटणार नाही. क्लूची वरची गोष्ट आणि आतले उत्तर यांचे नाते जितके सच्चे, तितका क्लू वाचकाच्या लक्षात राहतो.

आणि शेवटी दिल्ली. तिच्या नावाची एक लोककथा लोहस्तंभाशी जोडलेली आहे. अनंगपाल तोमराने तो खिळा खरेच शेषनागाच्या माथ्यापर्यंत गेला आहे का हे पाहण्यासाठी उपटवला. तो परत रोवला तेव्हा किल्ली (म्हणजे तोच खिळा) ढिली राहिली आणि 'ढिल्ली' हे नाव पडले, असे सांगतात. कथा खरी असो वा नसो, 'किल्ली' आणि 'दिल्ली' यांच्यात फरक एका अक्षराचा, हे तिने शोधून ठेवले. त्यावरून:

किल्लीच्या तोंडी दिवसाचे तोंड लावले की राजधानी उघडते.

वाक्य म्हणून हे गोड आहे. 'किल्ली'चे पहिले अक्षर जाऊन 'दिवसा'चे पहिले अक्षर आले. पण 'उघडते' काय करते? व्याख्या 'राजधानी'पाशी संपली, अक्षरांचा खेळ त्याआधीच संपला. हा शब्द केवळ सजावट आहे, आणि सोडवणारा त्याचा हिशेब लावत बसेल. झिमेनेसच्या नियमाने तो काढायला हवा:

किल्लीच्या तोंडी दिवसाचे तोंड: राजधानी. (2)

चित्र थोडे फिके झाले, सचोटी पुरी झाली. असा प्रसंग आला की मी सचोटी निवडतो. चित्र पुन्हा रंगवता येते. वाचकाचा विश्वास एकदा गेला तर पुढच्या अंकातले कोडे तो उघडत नाही.

मराठीने काय करावे

फेब्रुवारी 2025 मध्ये दिल्लीच्या तालकटोरा स्टेडियममध्ये 98 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षस्थानी तारा भवाळकर होत्या, लोकसाहित्याच्या ज्येष्ठ अभ्यासक. मराठी लोकसाहित्यात उखाणा नाव गुंफतो, कोडे नाव झाकते. लग्नाच्या पंगतीपासून ओसरीवरच्या 'ओळखा पाहू'पर्यंत नावाशी खेळणे ही आपली घरची विद्या आहे. तरीही आपली छापील शब्दकोडी जवळजवळ सगळी व्याख्यांची राहिली. ज्यांना गूढ कोड्याची चटक लागते ते इंग्रजी वर्तमानपत्राकडे वळतात, आणि त्यांची बुद्धी त्या भाषेत झिजते.

शाळांमध्ये मात्र वाट दिसते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने 2013 मध्ये शाळांसाठी इंग्रजी गूढ शब्दकोड्यांची स्पर्धा सुरू केली. अभ्यासक्रमाबाहेरचा खेळ म्हणून मुले तिथे दोन-दोनच्या जोड्यांनी उतरली. भाषेचा प्रत्येक शब्द दोनदा तोलण्याची, म्हणजे एकदा अर्थासाठी आणि एकदा घडणीसाठी, सवय त्यातून लागते. निबंधाच्या तासाला ती लागत नाही. मराठी शाळांना हे आजपासून करता येईल. पहिला पाठ नकाशाचाच असावा: आपल्या तालुक्यातली दहा गावे घ्या आणि प्रत्येकावर एक क्लू रचा. ज्या मुलाने आपल्या गावाच्या नावाचा काना हलवून पाहिला, त्याला शुद्धलेखनाचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही. एक वेलांटी चुकली तर भिवानीची भवानी होते, हे त्याने हाताने करून पाहिलेले असेल.

दिवाळी अंकांच्या संपादकांनाही माझी विनंती आहे. एक पान द्या. चौकट मोठी नको, अकरा घरांची पुरे. नियम स्पष्ट छापा: एका घरात एक अक्षर, व्याख्या सुरुवातीला किंवा शेवटी, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हलवायचा तर क्लूमध्ये तसे सांगायचे, फालतू शब्द नाही, गावाचे नाव प्रमाण मराठी लेखनाप्रमाणे. पाणिपत, पानपत आणि पानिपत यांतले कोणते धरायचे, याचा वाद संपादकाने कोडे छापण्याआधी मिटवावा, सोडवणाऱ्यावर टाकू नये. आणि उत्तरांबरोबर प्रत्येक क्लूची फोड छापा, म्हणजे ज्याला उत्तर सापडले नाही त्यालाही ते सापडण्याजोगे होते हे कळेल.

कोडे रचणाऱ्याचे यश वाचक हरण्यात नसते. अर्धा तास डोके खाजवून वाचक 'अरे, हे तर समोरच होते' असे म्हणतो, तेव्हा रचणारा जिंकलेला असतो आणि वाचकही. असा क्लू लिहिणे म्हणजे अनोळखी वाचकाच्या बुद्धीवर विश्वास टाकणे आणि त्याच्याशी एका शब्दाचाही लबाड व्यवहार न करणे. दंडीने कांचीसाठी तो व्यवहार चोख पार पाडला. मेरठ, ओखला आणि भिवानीसाठी मराठीत तो पार पाडता येतो, हे वर दिसलेच आहे. आता दर आठवड्याला तो करणारी माणसे हवीत, आणि ती घडवायला लागणारी सगळी सामग्री मराठीच्या बाराखडीत आधीपासून आहे.